खाली नसलेला त्रिताल

गेल्या जानेवारीत आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मी एक भाषण केले आणि त्याला भरपूर टाळ्या पडल्या. त्या टाळ्या मला अजून पचलेल्या नाहीत, म्हणून हा लेख. झाले होते असे, की दहावीच्या मुलांना रंगमंचावर एक नाच करायचा होता. त्यासाठी त्यांनी निवडलेल्या संगीतात गाणारे कोणी नव्हते, शब्द नव्हते. सबंध सहा मिनिटे एकच धमधम चालली होती. सांस्कृतिक विभाग माझ्याकडे. मी तो नाच कार्यक्रमातून काढून टाकला. एवढ्यावर थांबलो असतो तर बरे होते. पण ध्वनिक्षेपक हाती आला की मास्तराला मोह आवरत नाही. यंत्राला काळीज नसते, तेव्हा यंत्राच्या संगीतालाही ते असणार नाही, असे मी पालकांना दहा मिनिटे ऐकवले. पुढच्या रांगेतले आजोबा प्रसन्न झाले. मागच्या रांगेतली मुले खाली मान घालून बसली होती.

त्या रात्री पानावर बसल्यावर माझा भाचा म्हणाला, “मामा, भाषण झकास झालं. पण ज्याला नावं ठेवलीत, ते तुम्ही कधी ऐकलंय का? म्हणजे नीट बसून, शेवटपर्यंत?”

मी आमटीत भात कालवीत राहिलो. वाचकहो, मी मॅट्रिकपुढे परीक्षा न दिलेला माणूस. जे काही शिकलो ते वाचून आणि ऐकून. माझ्या एका कादंबरीचा निकाल एका समीक्षकाने पहिल्या वीस पानांवरून लावला होता, तेव्हा मी महिनाभर घरात तणतणत होतो. आणि इथे मी वीस पानेही न वाचता निकाल दिला होता. भाच्याने जेवण झाल्यावर एक ध्वनिमुद्रिका माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, “इथून सुरुवात करा. हे तुमच्या ओळखीचं निघेल.”

ती ध्वनिमुद्रिका म्हणजे चरणजित सिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’. दहा राग, डिस्कोच्या ठेक्यावर. नाव वाचून माझी पहिली प्रतिक्रिया सांगण्यासारखी नाही. पण प्रसिद्धीचे वर्ष पाहिले आणि थबकलो. 1982. स्थळ आपली मुंबई. आणि काढणारी संस्था कोण, तर कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा जिची खूण आहे ती, घराघरातली एच. एम. व्ही.

चरणजित सिंग हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. त्यांचे वादन मात्र सर्वांनी ऐकलेले आहे. 1940 साली जन्मलेला हा माणूस हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवीत असे. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल अशा संगीतकारांच्या ध्वनिमुद्रणांत ते बसत. कधी बास गिटार, कधी कळफलकाचे एखादे नवे वाद्य. ‘दम मारो दम’मधले ट्रान्झिकॉर्ड त्यांच्याच बोटांखालचे. चित्रपटगीताच्या तबकडीवर गायकाचे, कवीचे, संगीतकाराचे नाव येते. वाद्यवृंदातल्या पन्नास-साठ माणसांचे नाव येत नाही. अशा निनावी माणसाने स्वतःच्या नावावर काढलेली ही तबकडी आहे, हे ध्यानात ठेवून ती ऐकली पाहिजे.

त्या सुमारास चित्रपटांत डिस्कोची लाट होती. 1980 च्या ‘कुर्बानी’ने ती घरोघर पोहोचवली होती. सिंग यांच्या मनात आले, की ठेका डिस्कोचा ठेवावा, तबला बंद करावा आणि वर राग वाजवावा. त्यासाठी त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे वापरली. एक ज्युपिटर-8, म्हणजे सुरावट वाजवायचा कळफलक. दुसरे टीआर-808, म्हणजे तालयंत्र. तिसरे टीबी-303, म्हणजे खर्जाची ओळ वाजवणारे एक चिमुकले यंत्र.

या तिसऱ्या यंत्राची हकिगत गमतीची आहे. 1981 च्या अखेरीस ते बाजारात आले, ते एकट्या गिटारवादकाला घरी बास गिटारची साथ मिळावी म्हणून. पण त्याचा आवाज बास गिटारसारखा मुळीच नव्हता. शिवाय ते चालवणे कटकटीचे. गिऱ्हाइकाने पाठ फिरवली आणि 1984 साली कंपनीने त्याचे उत्पादन बंद केले. नापास झालेले यंत्र म्हणा ना! पण आम्हा मास्तरांना ठाऊक असते, की एका विषयात नापास झालेले पोर दुसऱ्याच कशात तरी नाव काढते. या यंत्राला दोन गुण होते. त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. आणि आवाजाची धार कमीजास्त करणारी अशी बटणे होती, की ती फिरवली की स्वर कधी कण्हतो, कधी चिवचिवतो. स्वरावरून घसरत जाणे म्हणजे काय, हे मराठी वाचकाला निराळे सांगायला नको. आपल्याकडे तिला मींड म्हणतात.

आता ऐकण्याविषयी. माझे कान कादंबरीकाराचे. ते पुरेसे नाहीत म्हणून मी आत्याला बरोबर घेतले. आत्या 81 वर्षांची. तरुणपणी गाणे शिकली आणि पुढे कितीतरी वर्षे गावातल्या बैठकींना पेटीची साथ करीत आली. भाच्याने यंत्र लावले. आत्याने डोळे मिटले, आणि मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत बसलो.

पहिल्या क्षणी ठेका येतो. तो शेवटपर्यंत हलत नाही. त्याखाली 303 ची खर्जातली ओळ झुळझुळत राहते, आणि मग वरून ज्युपिटरवर राग उतरतो. थोडासा आलापासारखा विस्तार, मग तानांसारखी धावाधाव. पाचेक मिनिटांत एका रागाचा कारभार आटोपतो.

दहाही राग सारखे साधलेले नाहीत, आणि हा फरक कुठून येतो हे शोधण्यात मला खरी गोडी वाटली. भूपाली, मालकंस, कलावती हे पाच स्वरांचे राग या यंत्रांना छान मानवतात. त्यांच्या स्वरांमधले अंतर मोठे. खर्जाची ओळ त्यांच्यावरून टप्प्याटप्प्याने उड्या मारीत जाते आणि रागाचा चेहरा दोन आवर्तनांत दिसू लागतो. मालकंस चालू असताना आत्या म्हणाली, “एरवी मालकंस बसलेला असतो. ह्यानं त्याला उभा केलाय.” मी विचारले, “म्हणजे बरं की वाईट?” तिने डोळे न उघडता उत्तर दिले, “उभा शोभतो की नाही ते बघ ना!”

मला तो शोभला. ललतही शोभला. त्यातले दोन मध्यम शेजारीशेजारी येतात तेव्हा या यंत्राच्या थंड, काचेसारख्या आवाजात एक चमत्कारिक पहाट होते; तंबोऱ्याची नव्हे, रेल्वेच्या फलाटावरची. मेघमल्हारात मात्र मन भरले नाही. मेघातल्या ऋषभाला जे आंदोलन हवे, ते यंत्राने दिलेले कंपन नव्हे. तोडीचे तर विचारूच नये. तोडीचा गंधार नेहमीच्या कोमल गंधाराहून उतरलेला असतो; कळफलकावर त्या जागी पट्टीच नाही. मी विजयी मुद्रेने म्हणालो, “बघ, यंत्र इथं उघडं पडलं.”

आत्या हसली. “अरे, तोडीचा गंधार पेटीत तरी कुठं असतो? मी जन्मभर तोडीला साथ केली. तो गंधार आम्ही ऐकणाऱ्याच्या कानावर सोपवायचो.”

त्या एका वाक्याने माझ्या स्नेहसंमेलनातल्या भाषणाचा पायाच काढून घेतला. पेटीची कथा आठवा. ती परदेशातून आलेली. बारा स्वरांत जखडलेली. तिच्यात मींड नाही, श्रुती नाही, म्हणून 1940 साली आकाशवाणीने तिला दार बंद केले आणि 1971 पर्यंत ते उघडले नाही. एवढ्या काळात पेटी थांबली काय? नाटकांत, कीर्तनांत, भजनांत, बैठकींत ती वाजतच राहिली. आज पेटीशिवाय मराठी नाट्यपद कोणाला कल्पवेल? यंत्राला काळीज नसते, असे मी म्हणालो होतो. तसे ते पेटीलाही नाही. भात्यातून वारा सोडणारा हात कोणाचा, एवढाच प्रश्न असतो.

तरीही यंत्राच्या बाजूने मी सगळेच कबूल करायला तयार नाही. माझा खरा आक्षेप सुरांविषयी नाही, तालाविषयी आहे, आणि तो ऐकल्यानंतर अधिक पक्का झाला. 303 आणि 808 या दोन्ही यंत्रांत एका आवर्तनाची सोळा घरे असतात; एकेका घरात आघात किंवा स्वर भरायचा आणि यंत्र ते आवर्तन फिरवीत राहते. सोळा! त्रितालाच्या मात्राही सोळाच. हा योगायोग पाहून मी आनंदलो, पण क्षणभरच. आपल्या त्रितालात नवव्या मात्रेला खाली असते. तिथे तबल्याचा भरीव बाया मागे सरतो, ठेका जरा पोकळ होतो, आणि त्या पोकळीमुळेच समेवर येण्याची ओढ लागते. डिस्कोच्या ठेक्यात खाली नाही. ढोल समान अंतराने, समान जोराने पडतो. प्रत्येक ठोका समच. आणि जिथे प्रत्येक ठोका सम असतो, तिथे समेवर येण्याचा आनंद कुठून आणायचा?

हा प्रश्न मी भाच्याला विचारला. तो म्हणाला, “मामा, तुम्ही बसून ऐकताय. हे उभं राहून ऐकायचं असतं.”

पोराचे म्हणणे मी टाळू शकलो नाही. लेझीम बसून कोण पाहतो? ढोल-ताशाच्या पथकासमोर खुर्ची टाकून बसणाऱ्या माणसाला त्यातले काय कळेल? वारीच्या वाटेवर टाळ-मृदंगाच्या गजरात तीच तीच चाल तासन्‌तास चालते, आणि कोणीही वारकरी ती कंटाळवाणी असल्याची तक्रार करीत नाही. पुनरावृत्ती हा तिथे दोष नसून वाहन आहे. मिनिटाला 120 ते 130 ठोक्यांचा हा ठेका पायांसाठी आहे, आणि पायांना खाली नको असते. पायांना खात्री हवी असते, की पुढचा ठोका येणारच. म्हणून माझा आक्षेप मी मागे घेत नाही, पण त्याची जागा बदलतो. बैठकीच्या मापाने हे संगीत उणे आहे. ते बैठकीसाठी केलेले नाही, हेही तितकेच खरे.

सिंग यांची अडचण अशी, की त्यांनी बैठकीतली वस्तू नाचाच्या अंगणात आणली. 1982 साली बैठकीवाल्यांनी तिला आत घेतले नाही आणि नाचणाऱ्यांनी तिच्याकडे पाहिले नाही. तबकडी पडून राहिली. सिंग पुन्हा आपल्या कामाला लागले. पुढे पाच वर्षांनी, 1987 साली, अमेरिकेतल्या शिकागो शहरात ‘फ्यूचर’ या नावाने वाजवणाऱ्या तरुणांची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही अकरा-बारा मिनिटांची रचना बाजारात आली. तीच 303, तीच फिरणारी बटणे, तेच कण्हणे. त्या रचनेवरून ‘ॲसिड हाऊस’ नावाचा संप्रदाय निघाला आणि युरोपभर पसरला. मग 2002 साली एका डच संग्राहकाला दिल्लीच्या दुकानात सिंग यांची जुनी तबकडी सापडली आणि 2010 साली ती हॉलंडमधून पुन्हा निघाली. ऐकणारे चकित झाले. कोणी म्हणाले, ही आजच्याच कोणा गोऱ्या वादकाने केलेली थट्टा असावी. ती खरी आहे असे ठरल्यावर वर्तमानपत्रांनी दुसरे टोक गाठले. ॲसिड हाऊसचा जनक मुंबईत सापडला, असा गाजावाजा झाला.

या गाजावाजाने आपली छाती फुगणे स्वाभाविक आहे. पण समीक्षा म्हणजे छाती मोजण्याचे काम नव्हे. शिकागोच्या त्या मुलांनी एक जुने, कोणाला नको असलेले यंत्र घेतले आणि बटणे भलतीकडे फिरवून त्यातून नवा आवाज काढला. त्यांचे श्रेय त्यांचे. सिंग यांना वंशज नव्हते. तेव्हा त्यांना जनक कसे म्हणावे? आपल्या देशापुरते बोलायचे तरी विजेच्या संगीताचा पहिला मान त्यांचा नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969 सालीच मूग सिंथेसायझर बसवण्यात आला होता. अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो उभारून दिला, आणि गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी 1972 पर्यंत त्यावर प्रयोग केले. त्या फिती पेटाऱ्यात पडून होत्या. 2023 साली ‘द एनआयडी टेप्स’ या नावाने त्यांतली निवड प्रसिद्ध झाली, आणि तीही परदेशातून. एका देशाच्या दोन खजिन्यांच्या किल्ल्या परक्यांनी शोधून द्याव्यात, ही गोष्ट मला ‘पहिला कोण’ या वादापेक्षा जास्त बोचते.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की पहिला म्हणून ही तबकडी ऐकू नका. पहिलेपणाची किंमत पुढच्या संशोधनासरशी उतरते. ललत आणि मालकंस कशाने उतरणार?

या कथेचा उत्तरार्ध मला सर्वांत हृद्य वाटतो. पुनर्मुद्रणानंतर सत्तरी उलटलेल्या सिंग यांना युरोपातून बोलावणी आली, आणि ते गेले. या क्षेत्रात संगीत रचणाऱ्याला ‘प्रोड्यूसर’ म्हणतात. चित्रपटात पैसे घालणारा तो हा नव्हे. हे प्रोड्यूसर गावोगाव फिरतात, जुन्या नाटक कंपन्या फिरत तसे. फक्त बैलगाडीऐवजी विमान. बहुतेकांचे बिऱ्हाड खिशात मावते, कारण संगीत आधीच तयार करून आणलेले असते आणि मंचावर ते जोडायचे, मिसळायचे असते. सिंग मात्र कळफलकासमोर बसून वाजवीत. समोर नातवंडांच्या वयाची मुले नाचत. तीस वर्षांपूर्वी ज्या कामाला कोणी दाद दिली नव्हती, त्याची दाद या म्हाताऱ्या माणसाला अशी, उभ्या पावली मिळाली. 2015 साली मुंबईत ते वारले.

याच फिरतीची दुसरी बाजूही आहे. स्वीडनचा टिम बर्गलिंग, ‘अविची’ या नावाने जगभर गाजलेला. 2013 च्या ‘ट्रू’ या संग्रहात त्याने खेड्यातल्या गिटारीची गाणी या ठेक्यावर आणली. मला तो संग्रह असमान वाटतो, पण चालीचा त्याचा हात अस्सल होता. मात्र एका शहरातून दुसऱ्या शहरात, एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत असे त्याचे आयुष्य गेले. प्रकृती ढासळली. 2016 साली त्याने जाहीर कार्यक्रम थांबवले आणि 20 एप्रिल 2018 रोजी, अवघ्या 28 व्या वर्षी, मस्कतला त्याचा अंत झाला. एकाला दाद फार उशिरा मिळाली. दुसऱ्याला ती इतक्या लवकर आणि इतकी मिळाली, की ती झेलता झेलता तो संपला. त्याच्या ठेक्यातही खाली नव्हती आणि दिनक्रमातही नव्हती.

आपल्याकडेही ही फिरती आता रुळली आहे. 2007 साली गोव्यात सुरू झालेला सनबर्न महोत्सव 2016 साली पुण्याजवळ भरला होता. हणजुण्याच्या किनाऱ्यावर परदेशी पाहुण्यांनी रात्रभर चालवलेल्या संगीताला तर नव्वदच्या दशकात ‘गोवा ट्रान्स’ असे नाव पडले. गोव्याचे नाव, पण त्यात गोव्याचे घुमट नाही की मांडो नाही. सिंग यांच्या तबकडीशी ताडून पाहिले की फरक कळतो. ठेका त्यांचाही परकाच. पण त्यावर ठेवलेली वस्तू घरची होती, आणि ती कुठे ठेवली म्हणजे तुटणार नाही, हे त्या बोटांना ठाऊक होते.

तबकडीत उणिवा आहेत. दहाही रागांना एकाच मापाचा अंगरखा घातला आहे; मधुवंतीची दुपार आणि यमनची संध्याकाळ एकाच विजेच्या दिव्याखाली येते. पाच मिनिटांत राग ओळख देतो, मुक्कामाला थांबत नाही. तोडी आणि मेघमल्हार नसते तरी चालले असते. पण उरलेल्यांत एका माणसाचा कान, हात आणि धाडस आहे. काळीज म्हणून मी भाषणात जे मागितले होते, ते याहून निराळे काय असते, हे मला आज सांगता येणार नाही.

परवा मी त्या मुलांना वर्गात थांबवून घेतले आणि भूपाली लावला. जानेवारीत ती नववीत होती असे समजून तुम्ही मला माफ कराल. ती मुले आता शाळा सोडून गेली आहेत, ही त्यांच्या पाठची. चौथ्या ठोक्याला मागच्या बाकावर बोटे वाजू लागली. एकाने विचारले, “सर, हे कुठल्या देशातलं?” मी म्हटले, “मुंबईचं. तुझा जन्म व्हायच्या कितीतरी आधीचं.” तो खोटे वाटून हसला.

या जानेवारीच्या कार्यक्रमपत्रिकेत एक नाच आहे. वेळ सहा मिनिटे. अट एकच घातली आहे, की नाचण्यापूर्वी ते संगीत कोणी, कुठे, कशावर वाजवले हे मुलांनी सांगायचे. त्यानंतर दोन मिनिटे माझे भाषण आहे. गेल्या वर्षीच्या मुलांनाही निरोप धाडला आहे. त्यांनी पुढच्या रांगेत बसावे.